पहिली वेबसाइट: आधी कागदावर, मग स्क्रीनवर

स्वतःची वेबसाइट करायची ठरली की बहुतेक जण पहिल्या दिवशी डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, विकत घेतात, दुसऱ्या दिवशी थीम, म्हणजे तयार मांडणी, निवडतात आणि तिसऱ्या दिवशी अडकतात. थीममधल्या चौकटी रिकाम्या असतात आणि त्यांत भरायला मजकूरच तयार नसतो. मग सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत’ जातं आणि वेळ, शुल्क, पत्ता या गोष्टी कुठेतरी तळाशी सापडतात. यावर एकच उपाय आहे: मजकूर आधी लिहायचा, मांडणी त्यावरून ठरवायची आणि पैसे सगळ्यात शेवटी खर्च करायचे.

उदाहरणादाखल सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तबल्याचे वर्ग चालतात असं धरू. खानावळ असो, शिवणक्लास असो की दिवाळीचा घरगुती फराळ, पद्धत हीच.

फोनशेजारी वही ठेवा

दोन आठवडे फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा दारात येऊन लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ‘कितव्या वर्षापासून घेता?’ ‘शनिवार-रविवार बॅच आहे का?’ ‘फी महिन्याची की तिमाहीची?’ ‘तबला घरून आणायचा का?’ ‘प्रारंभिकच्या परीक्षेला बसवता का?’ ‘गाडी कुठे लावायची?’ तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे एक उभी रेघ मारा. पंधरा दिवसांनी ज्याच्यापुढे सर्वांत जास्त रेघा असतील त्याचं उत्तर साइटवर सर्वांत वर जाईल. वर्गाची परंपरा किती जुनी, हे फोनवर फारसं कोणी विचारत नाही. ती माहिती जरूर द्या, पण खाली.

शुल्क लिहावं की नाही, यावर बरेच जण घुटमळतात. आमचं मत स्पष्ट आहे: लिहा. पालक एका संध्याकाळी तीन-चार वर्ग पाहतात आणि जिथे आकडा दिसत नाही तो वर्ग मनातून वगळतात. शुल्क बॅचप्रमाणे बदलत असेल तर छोटा तक्ता द्या आणि तो कोणत्या महिन्यापासून लागू आहे तेही लिहा.

उत्तरं लिहून झाली की त्यांची पानं पाडा. पहिल्या साइटला चार पानं भरपूर होतात: मुख्य पान, वेळा व शुल्क, गुरुजींविषयी, पत्ता व संपर्क. उत्तरं दहा-बाराच असतील तर एकाच लांब पानावरही काम भागतं. मेनूतले शब्द छोटे ठेवा. मराठी शब्द रोमनपेक्षा जागा जास्त घेतात आणि साध्या फोनचा स्क्रीन सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) हिशोबाने सुमारे ३६० पिक्सेल रुंद असतो. ‘आमच्याविषयी थोडेसे’ तिथे दोन ओळींत मोडतं, ‘गुरुजी’ मोडत नाही.

पत्ता पुणेकराला सांगता तसा लिहा

या भागावर वेळ घालवणं सार्थकी लागतं. पेठेत नुसता घरक्रमांक आणि ४११०३० पिन कोड देऊन कोणी दारात पोहोचत नाही. जवळची खूण लिहा: खुन्या मुरलीधराजवळ, भिकारदास मारुतीवरून उजवीकडे, जे काही खरं असेल ते. वाड्याचं दार बोळातून आहे की मुख्य रस्त्यावरून, जिना कुठला, मजला कितवा, हे सांगा. रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तर तेही सांगा. मुलाला सोडायला आलेला माणूस गाडी उचलली जाईल या धास्तीत असतो, त्याला या एका ओळीचा फार उपयोग होतो. दुपारी १ ते ४ बंद असेल तर ‘सकाळी ८ ते रात्री ९’ असं मोघम लिहू नका, दोन वेळा वेगळ्या द्या.

गूगल नकाशावरची खूण हाताने सरकवून बरोबर दारावर ठेवा. पत्ता टाइप केल्यावर ती अनेकदा इमारतीच्या मध्यावर किंवा मागच्या गल्लीत पडते. गूगलवर व्यवसायाची नोंद मोफत करता येते. तिथलं नाव, पत्ता आणि फोन साइटवरच्याशी जुळला पाहिजे.

कागदाच्या पट्ट्या

आता ए-४ कागद आडवा धरा आणि उभ्या घड्या घालत दोनदा अर्धा दुमडा. उघडलात की चार पट्ट्या मिळतात, प्रत्येक सुमारे ७.४ सेंटीमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ फोनएवढीच. प्रत्येक पट्टीवर वरून १४-१५ सेंटीमीटरवर आडवी रेघ मारा. त्या रेघेच्या वर जे बसेल तेच बोट न फिरवता दिसणार आहे.

पहिल्या पट्टीवर, रेघेच्या वर चारच गोष्टी बसवा: वर्गाचं नाव, एका वाक्यात काय शिकवता आणि कुठे, पुढची बॅच कधी, आणि फोनचं बटण. पेन्सिलने, खऱ्या मजकुरासह लिहा. ‘येथे मजकूर येईल’ अशी नागमोडी रेघ काढलीत तर कागदाचा उपयोग संपला, कारण नेमका तो मजकूर तिथे मावत नाही हेच आपल्याला आता कळायला हवं आहे. आपोआप सरकणारी चित्रं, ज्यांना स्लायडर म्हणतात, टाळा. पहिल्या चित्रापुढे क्वचितच कोणी थांबतं आणि पान मात्र जड होतं.

लॅपटॉपची मांडणी यानंतर करा. फोनच्या पट्टीवर जे एकाखाली एक आहे ते मोठ्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी नेणं सोपं असतं. उलट दिशेने गेलात की तीन रकाने चिरडून फोनमध्ये कोंबावे लागतात.

प्रेसकडची फाइल आणि युनिकोड

जुनं माहितीपत्रक असेल तर वाटतं, त्यातलाच मजकूर उचलून टाकू. प्रेसकडून आलेली फाइल बहुतेकदा कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये असते. त्या फॉन्टमध्ये अक्षराची साठवण रोमन चिन्हांच्या जागी होते आणि वरून फक्त देवनागरीचं चित्र दिसतं. ब्राउझरमध्ये चिकटवलंत की चित्र गळून पडतं आणि रोमन अक्षरांचा कचरा उरतो. वेबसाइटला युनिकोडच लागतं, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेली साठवण. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण त्यांत ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरं हटकून चुकतात. पान-दोन पानांचाच मजकूर असेल तर नव्याने टाइप करणं लवकर होतं. आणि पत्रकाचं चित्र तसंच साइटवर लावू नका. चित्रातला फोन नंबर दाबून लागत नाही, पडदावाचक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला तो ऐकू येत नाही आणि गूगलच्या शोधातही त्याचा भरवसा नसतो.

टाइप करताना मराठीच्या एका अक्षराकडे खास लक्ष द्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दात साधा र नसून खाली नुक्ता असलेला ऱ आहे, त्याला हलन्त जोडून पुढे य येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर र जिथे आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो. हिंदी कीबोर्ड लावून मराठी लिहिणाऱ्याकडून ‘दुसर्या बॅचच्या विद्यार्थ्यांना’ असं होतं आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ते लगेच खुपतं. मजकूर तयार झाला की ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक ठिकाण तपासा. ‘विद्यार्थ्यांना’मधला रफार बरोबर आहे, तो बदलायचा नाही.

अक्षरं

फॉन्ट मोफत मिळतात आणि चांगले मिळतात. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत. लांब मजकुराला तिरो देवनागरी मराठी शोभतो, पण त्यात ठळक अक्षर नाही. एकच फॉन्ट घ्या आणि त्याची दोनच वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, घ्या: साधं ४०० आणि ठळक ७००. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, प्रत्येक जादा वजन म्हणजे आणखी एक फाइल. ७०० वजनाची फाइल दिली नाहीत तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून ठळक करतो आणि ‘ध’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात.

मजकुराचा आकार १७ किंवा १८ पिक्सेल ठेवा आणि ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट. रोमनसाठी बनवलेल्या थीममध्ये ती बऱ्याचदा १.४ असते. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. ‘र्कीं’सारखं अक्षर घालून पाहा, म्हणजे वर किती जागा लागते ते समजेल.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सेटिंग, लेटर-स्पेसिंग, शून्यच राहू द्या. विदेशी थीममध्ये शीर्षकांना ती हमखास वाढवलेली असते. रोमनमध्ये ते रुबाबदार दिसतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि ‘तबला’ शब्दाचे तीन सुटे तुकडे होतात. शीर्षकाची शिरोरेघ तुटलेली दिसली की पहिला संशय या सेटिंगवर घ्यावा. तिरकी अक्षरंही टाळा. देवनागरीत तिरकं वळण मुळात क्वचितच काढलेलं असतं, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. दोन्ही बाजूंना समान कडा केल्यास लांब मराठी शब्दांमुळे फोनवर मधेच मोठ्या फटी पडतात, म्हणून मजकूर डावीकडून सुरू करून उजवी कड मोकळी सोडा.

पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. एचटीएमएलच्या (वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्या) मूळ टॅगमध्ये भाषेचा जो गुणधर्म असतो त्याची किंमत मराठीच्या दोन रोमन अक्षरांत, ‘एमआर’ अशी ठेवा. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधून साइटची भाषा मराठी निवडली की हे आपोआप होतं. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. पडदावाचकही मग मराठी उच्चार निवडतो.

रंग

केशरी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आपल्याकडे पाट्यांवर सगळीकडे दिसतात, स्क्रीनवर मात्र ती उन्हात वाचता येत नाहीत. मोजूनच बघू. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ हा केशरी घेतला तर पांढऱ्याशी त्याचं उजळतेचं गुणोत्तर २.१ भरतं. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ हवं. त्याच केशरीवर काळी अक्षरं घातली की गुणोत्तर साडेनऊच्या वर जातं. तेव्हा केशरी हवाच असेल तर अक्षरं काळी करा, किंवा पान पांढरं ठेवून केशरी फक्त रेघांना आणि पट्ट्यांना वापरा. बटणं किमान ४४ पिक्सेल उंच ठेवा, म्हणजे अंगठ्याने चुकत नाहीत.

फोटो

१२ मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो, तो तीन-चार एमबीचा असतो. असे सहा फोटो लावले की पान वीस एमबीचं झालं आणि स्वारगेटला बससाठी उभा असलेला माणूस ते उघडायच्या आत बंद करतो. रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात साठवा, १५० ते २०० केबीत बसवा. स्क्वूश या मोफत साधनात हे ब्राउझरमध्येच होतं. मूळ फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. घरून काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, तेही काढून टाका. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर चित्र उशिरा आलं की मजकूर खाली उडी मारतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच बटणावर पडतं.

मुलांचे फोटो लावण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. गूगलवर सापडलेला फोटो उचलू नका, तो कोणाचा तरी असतो.

नाव आणि जागा

आता खर्च. डोमेन निवडताना ते एखाद्याला फोनवर तोंडी सांगा आणि रोमनमध्ये लिहायला लावा. ‘श्री’ रोमनमध्ये निदान तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि ‘ळ’ला रोमनमध्ये अक्षरच नाही. तिघांनी तीन स्पेलिंगं लिहिली तर नाव बदला. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही चालतात, वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आगेमागे येतो. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. ते अभिमानाने घ्यावं, पण दुसरं नाव म्हणून, कारण त्यावरचा ईमेल सगळीकडे पोहोचेल याची खात्री नसते.

डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्या फोनवर आणि ईमेलवर नोंदवा. साइट करून देणाऱ्याच्या खात्यात ते राहिलं आणि त्याने काम सोडलं, तर नाव सोडवताना नाकीनऊ येतात. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीचं पत्र येतं, १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन तात्पुरतं बंद पडतं. नोंदणीच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद, आणि मुदत संपल्याची सूचना तिथेच जाणार.

चार पानांच्या साइटला साधी एचटीएमएल पानं पुरतात आणि ती क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय या सेवांवर मोफत ठेवता येतात. दर आठवड्याला स्वतः लिहिणार असाल तरच वर्डप्रेस घ्या. त्याला अपडेट, बॅकअप आणि मोजके प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) ही कायमची निगा लागते, अनेकदा अपडेट न केलेल्या प्लगइनमधूनच साइट हॅक होतात.

पानांचे पत्ते रोमनमध्ये ठेवा. ‘शुल्क’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा आहे. दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होऊन एका शब्दाची ४५ अक्षरांची साखळी दिसते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. पानाच्या शीर्षकात मात्र नाव देवनागरी आणि रोमन दोन्हींत द्या, कारण मराठी माणूसही शोधताना बऱ्याचदा रोमनच टाइप करतो.

फोनच्या दुव्यात नंबर इंग्रजी अंकांत, अधिक ९१ लावून द्या. वर दिसणारे अंक देवनागरी असले तरी हरकत नाही. व्हॉट्सॲपच्या दुव्यात ९१ लागतो, पण अधिकचं चिन्ह, आधीचं शून्य आणि मोकळी जागा यांतलं काहीही चालत नाही. न चालणाऱ्या व्हॉट्सॲप बटणाचं कारण बहुतेकदा हेच असतं.

सुरू करण्याआधी

आपल्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं आणि चढवल्यावर फोटो गायब होतात, याचं नेहमीचं कारण फाइलच्या नावातली मोठी-लहान रोमन अक्षरं. विंडोजला तो फरक कळत नाही, लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला कळतो. सगळी नावं लहान अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. पत्त्याआधी तीन डब्ल्यू घालून आणि न घालता, दोन्हीने साइट उघडते का पाहा. ब्राउझर पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ असा इशारा देत नाही ना ते पाहा, सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, वेगळे पैसे देऊ नका. नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारे) बदलले असतील तर ४८ तासांपर्यंत काहींना जुनं, काहींना नवं दिसू शकतं, त्या काळात घाबरून पुन्हा पुन्हा सेटिंग बदलू नका. वर्डप्रेसच्या वाचनविषयक सेटिंगमध्ये शोधयंत्रांना मनाई करणारी एक चौकट असते. काम चालू असताना तिच्यात केलेली बरोबरची खूण तशीच राहते आणि मग महिनोन्महिने गूगलवर साइट येत नाही. ती खूण काढा.

मग एखाद्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, वर्गाशी संबंध नसलेल्या माणसाला साइट उघडून द्या. तीन कामं सांगा: आठ वर्षांच्या मुलीसाठी रविवारची बॅच शोधा, तिमाहीचं शुल्क सांगा, फोन लावा. शेजारी बसा आणि एक शब्द बोलू नका. जिथे त्याचं बोट थांबेल तिथे वहीत खूण करा. असे तीन जण पुरतात, बहुतेक मोठ्या चुका तेवढ्यात सापडतात.

दर महिन्याच्या एक तारखेला

पंधरा मिनिटं काढा. जूनच्या प्रवेशाची सूचना गणपतीपर्यंत लटकलेली दिसली की पालकाला वाटतं वर्ग बंद पडला. म्हणून गणेशोत्सव, दिवाळी आणि परीक्षेच्या सुट्ट्यांच्या ओळी लिहितानाच त्या कधी काढायच्या ती तारीख कॅलेंडरवर टाका. फोनचं बटण स्वतः दाबून पाहा. साइटची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर उतरवा.

आणि घरच्या कागदपत्रांच्या फायलीत एक पान लावा: डोमेन कोणाकडे नोंदवलं, मुदत कधी संपते, होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तिथलं, खातं कोणत्या ईमेलवर आहे, दोन टप्प्यांची पडताळणी कोणाच्या फोनवर येते. ही फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.